'उतरणे' आणि 'तोमारु' : टोकियो नगरातील मुक्कामाच्या निवडीचा विचार

१

परगावी गेलेल्या गृहस्थाची गाठ पडली असता "आपण कोठे उतरला आहात?" असे विचारण्याची मराठीत जुनी रीत आहे. या प्रश्नातील 'उतरणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. वाहनातून खाली येणे हा पहिला आणि मुक्कामास राहणे हा दुसरा. प्रवाशाला 'उतारू' म्हणतात तेही याच धातूवरून. घोडा, मेणा किंवा बैलगाडी ज्या ठिकाणी थांबे त्याच ठिकाणी रात्र काढावयाची, अशी प्रवासाची स्थिती होती तोवर हे दोन अर्थ वस्तुतः एकच होते. आगगाडी आल्यावर ते वेगळे झाले. दादरला उतरलेला उतारू आज गिरगावात 'उतरू' शकतो.

जपानी भाषेत याच्याशी तुलना करण्याजोगे क्रियापद 'तोमारु' हे आहे. गाडी थांबते तेव्हा ती 'तोमारु' करते, आणि माणूस एखाद्या ठिकाणी रात्र काढतो तेव्हा तोही 'तोमारु' करतो. लिहिताना या दोन अर्थांसाठी भिन्न चित्राक्षरे योजतात, परंतु उच्चार एकच. 'तोमारि' या नामाचा नौका नांगरून ठेवण्याची जागा असाही एक जुना अर्थ आहे. मराठीने प्रवाशाच्या बाजूने पाहिले आणि जपानीने वाहनाच्या बाजूने पाहिले, इतकाच काय तो फरक.

प्रस्तुत लेखात टोकियो नगरात मुक्कामाचे ठिकाण कसे निवडावे, या व्यावहारिक प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो भाषेच्या अंगाने करण्याचे कारण असे की, या नगरात 'उतरण्या'चे दोन अर्थ व्यवहारात अद्याप फारसे वेगळे झालेले नाहीत, आणि हे ज्याच्या ध्यानात येत नाही त्याची निवड बहुधा चुकते. ही चूक लहान नाही. ग्रंथालयात तीन आठवडे काम करण्यासाठी गेलेल्या अभ्यासकाचा रोज दीड तास अकारण प्रवासात गेला, तर वीस दिवसांत तीस तास जातात. वाचनालयातील कामाचे चार पूर्ण दिवस यात बुडाले असे म्हणावयास हरकत नाही. मोजक्या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याला हे चार दिवस पुन्हा मिळत नाहीत.

२

नवागताचा पहिला प्रश्न सामान्यतः "मध्यवर्ती भाग कोणता?" असा असतो. या प्रश्नामागे नगराला एक मध्य असतो आणि त्याच्या जितके जवळ राहावे तितकी सोय अधिक, असे गृहीत आहे. टोकियोच्या बाबतीत हे गृहीतच तपासून घ्यावयास हवे.

प्रथम 'टोकियो' या नावाची व्याप्ती पाहावी. १८६८ मध्ये एदो नगरास 'पूर्वेची राजधानी' या अर्थाचे हे नाव मिळाले. आज प्रशासकीय दृष्ट्या टोकियो महानगराच्या हद्दीत २३ विशेष प्रभाग तर येतातच, शिवाय पश्चिमेचा डोंगराळ मुलूख आणि दक्षिणेकडे सुमारे एक हजार किलोमीटरवर असलेली ओगासावारा बेटेही येतात. व्यवहारात प्रवासी ज्याला टोकियो म्हणतो तो या २३ प्रभागांचा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरांचा प्रदेश होय. उलटपक्षी, नावात टोकियो असूनही टोकियोबाहेर असणारी स्थळे आहेत. नारिता येथील विमानतळाचे अधिकृत नाव २००४ पर्यंत 'नवे टोकियो आंतरराष्ट्रीय विमानतळ' असे होते. तो शेजारच्या चिबा प्रांतात, नगरापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. १९८३ मध्ये उघडलेले टोकियो डिस्नेलँडही चिबा प्रांतातच आहे. तेव्हा निवासगृहाच्या नावात 'टोकियो' हा शब्द आहे, एवढ्यावरून त्याच्या स्थानाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

आता मध्याकडे वळू. नकाशाच्या मध्यभागी सम्राटांचा राजवाडा आहे. खंदकांनी वेढलेल्या या सुमारे ११५ हेक्टर क्षेत्रातून रस्ता जात नाही आणि लोहमार्गही जात नाही. सारी वाहतूक त्याला वळसा घालून जाते. या नगराला मध्य आहे पण तो रिकामा आहे, असा अभिप्राय फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानविषयक ग्रंथात नोंदविला होता. तो तात्त्विक अभिप्राय असला तरी प्रवाशाला तो अगदी अक्षरशः उपयोगी आहे. १९५८ मध्ये शिंजुकु, शिबुया व इकेबुकुरो या तीन ठिकाणांना नियोजनकारांनी 'फुकुतोशिन', म्हणजे उपमध्य, असे नाव दिले, आणि १९९१ मध्ये महानगराचे शासकीय कार्यालयच मारुनोउचि भागातून शिंजुकुला हलविण्यात आले. ज्या नगराचा कारभारच 'उपमध्या'तून चालतो त्याच्या संदर्भात 'मध्यवर्ती' हे विशेषण निवडीला दिशा देऊ शकत नाही.

३

मग दिशा कशाने मिळते? याचे उत्तर स्थलनामांत आहे. तोकुगावा राजवटीत एदोतील निहोन्बाशी या पुलापासून पाच राजमार्ग निघत. प्रत्येक मार्गावर ठराविक अंतराने टप्प्याची गावे वसविलेली असत. अशा गावाला 'शुकु' म्हणत. हेच चित्राक्षर देशी उच्चाराने वाचले की 'यादो', म्हणजे मुक्कामाची जागा, असा शब्द होतो. एदोतून बाहेर पडताना पहिले टप्पे चार होते : तोकाइदो मार्गावर शिनागावा, नाकासेन्दो मार्गावर इताबाशी, उत्तरेकडील निक्को व ओशु या मार्गांवर सेन्जु, आणि कोशु मार्गावर शिंजुकु. यांपैकी शिंजुकु सर्वांत अर्वाचीन. कोशु मार्गावरील मूळचा पहिला टप्पा फार दूर पडतो म्हणून १६९८ मध्ये अलीकडे एक नवा टप्पा वसविण्यात आला, आणि त्याचे नावही तसेच पडले. 'शिन्' म्हणजे नवा आणि 'शुकु' म्हणजे टप्पा.

'शुकु'चे 'जुकु' कसे झाले, हे भाषेच्या विद्यार्थ्यास सांगण्यासारखे आहे. जपानी समासात उत्तरपदाचा आद्य अघोष वर्ण पुष्कळदा घोष होतो. या प्रक्रियेस 'रेन्दाकु' म्हणतात. 'हाशि', म्हणजे पूल, या शब्दाचे 'निहोन्बाशी' व 'इताबाशी' यांत 'बाशी' होते ते याच नियमाने. 'ह'चा घोष जोडीदार 'ब' कसा, अशी शंका येईल. तिचे उत्तर असे की जपानीतील आजचा 'ह' हा पूर्वीचा 'प' होय. संस्कृतात 'वाक्' व 'ईश' मिळून 'वागीश' होतो, त्या संधीशी याचे बाह्य साम्य आहे. मात्र रेन्दाकु ही सर्वत्र लागू होणारी संधी नसून तिला अपवाद बरेच आहेत.

टप्प्याच्या गावाची रचना लक्षात घेण्याजोगी होती. तोकाइदो मार्गावरील प्रत्येक टप्प्याला सरकारी कामासाठी शंभर माणसे व शंभर घोडी सज्ज ठेवावी लागत. १६३५ पासून दाइम्यो सरदारांना एदोची ठराविक काळाने हजेरी बंधनकारक झाली, तेव्हा त्यांच्या लवाजम्यासाठी 'होन्जिन्' हे राखीव वाडे असत. सामान्य पांथस्थासाठी दोन प्रकार होते : जेवणासह सोय करणारे 'हातागो', आणि केवळ सरपणाचे पैसे घेऊन आसरा देणारे 'किचिन्-यादो', जेथे प्रवाशाने आपला तांदूळ आपणच शिजवावयाचा. यांतील 'हातागो' हा शब्द मूळचा घोड्याचा चारा नेण्याच्या टोपलीचा वाचक होय. आज रेल्वे स्थानकास 'एकि' म्हणतात, तोही शब्द मूळचा सरकारी घोडी बदलण्याच्या ठाण्याचा. त्याच्या चित्राक्षराची डावी बाजू घोड्याची आहे. १८७२ मध्ये पहिली आगगाडी धावली तेव्हा स्थानकासाठी 'स्टेशन'चे 'सुतेन्शो' असे रूप काही काळ चालले; पुढे जुना 'एकि'च स्थिर झाला.

मराठी पत्रावर आपण 'मु. पो.' लिहितो. त्यात मुक्काम आणि टपाल ही दोन्ही एका दमात येतात. 'मुक्काम' हा अरबीतून आलेला शब्दही मुळात उभे राहण्याच्या, थांबण्याच्या जागेचाच वाचक. थांबण्याची जागा तीच राहण्याची जागा हा जुना संकेत मराठी पत्त्यात अवशेषरूपाने उरला आहे. टोकियोत तो नगराची रचनाच होऊन राहिला आहे.

४

ही रचना समजण्यास यामानोते मार्ग हा सर्वांत सोयीचा. ३४.५ किलोमीटर लांबीचा हा वर्तुळमार्ग १९२५ मध्ये पूर्ण झाला. २०२० पासून त्यावर ३० स्थानके असून एक फेरी साधारणतः तासाभरात पुरी होते. बाहेरून येणारे बहुतेक लोहमार्ग या वर्तुळाला कोठे ना कोठे मिळतात आणि भुयारी मार्ग ते ओलांडून आत जातात. शिनागावा, शिंजुकु, उएनो, इकेबुकुरो ही या वर्तुळावरील स्थानके होत. अशा वर्तुळावर कोणतेही एक ठिकाण स्वतःहून जवळचे वा दूरचे असत नाही. कोठून यावयाचे आणि कोठे जावयाचे हे सांगितल्यावरच ते तसे ठरते.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो : प्रथम रोजचे काम ज्या स्थानकावर आहे ते निश्चित करावे, मग नगरात प्रवेश ज्या स्थानकावर होणार ते पाहावे, आणि या दोहोंना कमीत कमी गाड्या बदलून जोडणारे स्थानक मुक्कामासाठी निवडावे. किलोमीटरांपेक्षा गाडीबदलांची संख्या येथे महत्त्वाची, कारण मोठ्या स्थानकात एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाण्यास दहा मिनिटेही लागतात, आणि सामान बरोबर असता जिने मोजावे लागतात. नारिताहून येणारी जलद गाडी उएनो व त्याच्या शेजारच्या निप्पोरि स्थानकास सुमारे चाळीस मिनिटांत आणते. नगरातच असलेल्या हानेदा विमानतळाहून येणारास शिनागावा व हामामात्सुचो ही स्थानके जवळची.

गाड्यांचे प्रकारही पाहावेत. 'काकुएकि तेइशा' म्हणजे प्रत्येक स्थानकावर थांबणारी, 'काइसोकु' म्हणजे काही स्थानके गाळणारी जलद गाडी. जेथे जलद गाडी 'तोमारु' करीत नाही तेथे प्रवाशाने 'तोमारु' करावे की नाही, याचा विचार दोनदा करावा. रात्रीची शेवटची गाडी, 'शूदेन', साधारणतः साडेबारा ते एकच्या सुमारास सुटते आणि त्यानंतर पहाटे साडेचार-पाचपर्यंत लोहमार्ग बंद असतात. उशिरा पोहोचणाऱ्या विमानाने येणाऱ्याने हे विसरू नये.

स्थानक आणि त्याच नावाचा विभाग एकच समजण्याची चूक मात्र टाळावी. शिनागावा स्थानक शिनागावा प्रभागात नसून मिनातो प्रभागात आहे, आणि मेगुरो स्थानक मेगुरोत नसून शिनागावा प्रभागात आहे. याहून विलक्षण गोष्ट म्हणजे 'किता-शिनागावा', अर्थात उत्तर शिनागावा, हे स्थानक शिनागावा स्थानकाच्या दक्षिणेस आहे. यात विसंगती दिसते खरी, पण कारण इतिहासात आहे. १८७२ मध्ये स्थानक बांधले गेले ते टप्प्याच्या जुन्या गावाच्या बाहेर, उत्तरेकडे. 'उत्तर' हे विशेषण मात्र जुन्या गावाच्या संदर्भातले. नाव गावाशी प्रामाणिक राहिले आणि गाडी दुसरीकडे थांबली.

मोठ्या स्थानकात केवळ स्थानकाचे नावही पुरत नाही. शिंजुकु हे प्रवाशांच्या संख्येने जगातील सर्वांत गजबजलेले स्थानक मानले जाते. त्याला दोनशेहून अधिक बाहेर पडण्याची द्वारे आहेत. पश्चिमद्वारी शासकीय व व्यापारी मनोरे, तर पूर्वद्वारी काबुकिचो हा रात्रभर जागा असणारा करमणुकीचा भाग. दोन्हींकडील निवासगृहे स्वतःस शिंजुकुचीच म्हणवितात. म्हणून जाहिरातीत द्वाराचा उल्लेख आहे काय ते पाहावे. 'तोहो', म्हणजे पायी, अमुक मिनिटे असा उल्लेख बहुतेक जाहिरातींत असतो. घरांच्या जाहिरातींसाठी एक मिनिट म्हणजे ८० मीटर हे प्रमाण ठरलेले आहे, आणि त्यात चौकातील थांबणे, चढउतार व जिने धरलेले नसतात. निवासगृहांच्या जाहिरातीही साधारणतः याच अंदाजाने वाचाव्यात आणि पेटीसह चालणाराने 'सात मिनिटे' हे दहा समजावे.

५

स्थानक ठरल्यावर निवासाचा प्रकार ठरवावयाचा. येथे शब्दांची ओळख थेट पैशाशी निगडित आहे.

१९४८ च्या निवासगृहविषयक कायद्याने जपानी पद्धतीचे 'र्योकान' आणि पाश्चात्त्य पद्धतीचे 'होतेरु' असा भेद केला होता. २०१८ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने हे दोन वर्ग कायद्यापुरते एक झाले, तरी व्यवहारात भेद टिकून आहे. र्योकानात 'तातामी' चटयांची खोली, जमिनीवरचे अंथरूण, सामायिक स्नानगृह व ठराविक वेळेचे भोजन असते. खोलीचे क्षेत्र चटयांच्या संख्येने, म्हणजे 'जो' या परिमाणाने सांगतात. एक 'जो' सुमारे १.६ चौरस मीटर, तेव्हा सहा 'जो'ची खोली सुमारे दहा चौरस मीटरांची.

दर सांगण्याची परिभाषा अशी : रात्री मोजण्याचे पद 'हाकु' हे होय. एक रात्र 'इप्पाकु', दोन रात्री व तीन दिवस 'निहाकु मिक्का'. 'इप्पाकु निशोकु' म्हणजे एक रात्र व दोन भोजने. 'सुदोमारि' म्हणजे भोजनाविना केवळ मुक्काम. 'सु' म्हणजे नुसते आणि 'तोमारि'चे रेन्दाकुने 'दोमारि'. महाराष्ट्रातून जाणाऱ्या शाकाहारी प्रवाशाने हा शब्द लक्षात ठेवणे हिताचे आहे. जपानी सारामध्ये 'दाशि' हा अर्क असतो व तो बहुधा वाळविलेल्या माशाचा असतो. वरून भाजीचा दिसणारा पदार्थ त्यामुळे शाकाहारी ठरत नाही. आधी कळवून वेगळी व्यवस्था झाली नसेल, तर दोन भोजनांचे मूल्य देऊन उपाशी राहण्यापेक्षा 'सुदोमारि' बरी. दर बऱ्याच ठिकाणी खोलीमागे नसून माणसामागे असतो. 'दोघांनी एक खोली घेतल्यास प्रत्येकी' असा लहान अक्षरांतील मजकूर वाचला नाही, तर प्रत्यक्ष देयक अपेक्षेच्या दुप्पट होते.

'मिन्शुकु' आणि 'मिन्पाकु' ही जोडी अर्थविज्ञानाच्या अभ्यासकास उद्बोधक वाटेल. दोहोंत 'मिन्', म्हणजे लोक, हे पूर्वपद आणि मुक्कामवाचक उत्तरपद आहे. रचनेने समान असलेले हे शब्द रूढीने वेगळे झाले. 'मिन्शुकु' हे कुटुंबाने चालविलेले, सामान्यतः गावाकडचे वा समुद्रकाठचे साधे निवासगृह. 'मिन्पाकु' म्हणजे खासगी घर प्रवाशास देणे. जून २०१८ पासून त्यास स्वतंत्र कायदा लागू आहे. त्यानुसार घराची नोंद करावी लागते व वर्षातून १८० दिवसांहून अधिक काळ ते पाहुण्यांना देता येत नाही. नोंदणीचा क्रमांक न दाखविणाऱ्या घरात उतरू नये.

शहरात सर्वांत अधिक आढळणारा प्रकार 'बिजिनेसु होतेरु'. घटक इंग्रजी असले तरी शब्द जपानात घडलेला आहे. कामानिमित्त फिरणाऱ्या माणसासाठी लहान, स्वच्छ व स्नानगृहयुक्त खोली, असा त्याचा अर्थ. 'सेमिदाबुरु' हाही असाच स्वदेशी इंग्रजी शब्द. ही सुमारे १२० सेंटीमीटर रुंदीची शय्या दोघांसाठी म्हणून दिली जाते, पण ती वस्तुतः एकालाच पुरेशी. 'कापुसेरु होतेरु'चा आरंभ १९७९ मध्ये ओसाका येथे झाला. कुरोकावा किशो या वास्तुशिल्पज्ञाने त्याची आखणी केली होती. माणूस निजेल इतकीच ही पेटी असते, तिला कुलूप लावता येईल असे दार नसते, आणि काही ठिकाणी केवळ पुरुषांनाच प्रवेश असतो. शेवटची गाडी चुकलेल्याला ती एक रात्र ठीक. पुस्तके व टिपणे घेऊन तीन आठवडे राहणाऱ्याला नव्हे. काही निवासगृहांच्या फलकावर 'शुकुहाकु' म्हणजे मुक्काम आणि 'क्यूकेइ' म्हणजे विश्रांती असे दोन दर दिसतात. घटकाभराच्या विश्रांतीचा दर जेथे लावलेला असतो ती गृहे युगुलांसाठी असतात. यामानोते मार्गावरील उगुइसुदानि, म्हणजे उगुइसु या गोड गळ्याच्या पक्ष्याची दरी, या स्थानकाजवळ ती पुष्कळ आहेत. नावावरून याचा अंदाज येण्याचे कारण नाही.

६

मुक्कामवाचक शब्दांच्या या मालिकेत एक शब्द असा आहे की जो प्रवासी-मार्गदर्शिकांत सहसा आढळत नाही : 'दोया'. 'यादो'तील दोन अक्षरे उलटी केली की हा शब्द होतो. गुप्त बोलींत शब्द उलटे करण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. मराठी मुलांची 'च'ची भाषाही याच जातीची. परंतु येथील उलटापालट खेळातली नाही. माणसाने राहावे अशी ही जागा नव्हे, म्हणून तिला 'यादो' म्हणावयाचे नाही, असा अर्थ या शब्दाला सामान्यतः जोडला जातो.

दोयांची वस्ती म्हणजे उत्तर टोकियोतील सान्या. सेन्जु या जुन्या टप्प्याजवळच्या या भागात पूर्वी किचिन्-यादो होते. महायुद्धानंतर रोजंदारीचे मजूर येथे येऊन राहिले. १९६४ च्या ऑलिंपिकच्या आगेमागे नगराचे जे बांधकाम झाले त्यास अशा मजुरांचा हातभार होता. त्यांच्या खोल्या तीन 'जो'च्या, म्हणजे सुमारे पाच चौरस मीटरांच्या. १९६६ मध्ये नव्या पत्तापद्धतीच्या अंमलबजावणीत 'सान्या' हे नाव पत्त्यांतून काढून टाकण्यात आले आणि तो भाग शेजारच्या नावांत वाटला गेला. नाव गेले, वस्ती राहिली. काम आटले तशी माणसे वृद्ध झाली, व आज त्यांच्यापैकी पुष्कळजण सरकारी साहाय्यावर राहतात. २००२ मध्ये जपान व कोरिया येथे फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली, त्या सुमारापासून येथील काही दोयांनी परदेशी प्रवाशांसाठी रूप पालटले. मिनामि-सेन्जु स्थानकाजवळची अतिशय स्वस्त खोली ही पुष्कळदा अशी खोली असते.

तेथे उतरू नये असे यावरून सुचवावयाचे नाही. खोल्या बहुधा स्वच्छ असतात, भुयारी मार्गाने उएनो फार दूर नाही, आणि अल्प शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यास ती मोठीच सोय आहे. परंतु शेजारच्या खोलीतील वृद्धाचे हे कायमचे घर आहे, आणि आपण ज्याला काटकसर म्हणतो ती त्याच्यासाठी दुसरा पर्याय नसणे आहे, हे जाणून तेथे राहावे. समाजभाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने तर नकाशात नसलेले नाव लोकांच्या तोंडी कसे टिकते, ते येथे पाहण्यासारखे आहे.

७

ज्या पत्तापद्धतीने हे नाव पुसले ती समजून घेतल्याखेरीज निवासगृह सापडणे कठीण. १९६२ च्या कायद्यानुसार टोकियोत पत्ता रस्त्यावरून न ठरता क्षेत्रावरून ठरतो. प्रभाग, मग विभाग, मग 'चोमे' हा त्याचा क्रमांकित पोटभाग, मग गृहसमूहाचा क्रमांक आणि अखेर इमारतीचा क्रमांक, असा मोठ्यातून लहानाकडे जाणारा हा क्रम आहे. बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत. मराठी मनाला 'अमुक रस्त्यावर, अमुक दुकानासमोर' असे ऐकण्याची सवय असते. पेठेतून घर शोधणाऱ्या जुन्या पुणेकरास मात्र क्षेत्रानुसार पत्ता ही कल्पना परकी वाटू नये. आजच्या भ्रमणध्वनीवरील नकाशाने अडचण कमी केली आहे हे खरे. पण जपानी लिपीतील पूर्ण पत्ता व स्थानकद्वाराचे नाव कागदावर असावे हे बरे.

८

या विवेचनाचा उपयोग एका उदाहरणाने तपासून पाहावा. समजा, मराठी-जपानी व्याकरणविषयक कामासाठी एक संशोधक विद्यार्थी तीन आठवडे टोकियोस जात आहे. त्याचे वाचन नागाताचो येथील राष्ट्रीय संसद ग्रंथालयात आणि टोकियो विद्यापीठाच्या होंगो आवारात व्हावयाचे आहे, व विमान नारितास उतरणार आहे. 'मध्यवर्ती' म्हणून त्याने टोकियो स्थानकाजवळ खोली घेतली, तर या व्यापारी भागात ती महाग पडेल आणि दोन्हींपैकी एका ठिकाणी तरी गाडी बदलावी लागेल. नावाच्या कीर्तीने शिंजुकु निवडले, तर नारिताहून तो नगराच्या दुसऱ्या टोकाला जाईल.

आता नियम लावावा. होंगो आवाराशेजारी 'तोदाइमाए', म्हणजे टोकियो विद्यापीठासमोर, या अर्थाचे भुयारी स्थानक आहे. ते नाम्बोकु मार्गावर असून नागाताचोही त्याच मार्गावर आहे. हा मार्ग यामानोते वर्तुळाला उत्तरेस कोमागोमे येथे छेदतो, आणि कोमागोमे निप्पोरिपासून तिसरे स्थानक आहे. म्हणजे नारिताहून निप्पोरि, तेथून एकदा गाडी बदलून कोमागोमे. आणि पुढे तीन आठवडे रोज एकाच गाडीने ग्रंथालय वा विद्यापीठ. मोठ्या स्थानकांच्या मानाने येथे निवासगृहे थोडी, म्हणून आरक्षण लवकर करावे. विशेषतः फेब्रुवारीअखेर विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा, मार्चअखेरीस चेरीचा बहर आणि एप्रिलअखेरच्या सलग सुट्या या काळांत खोल्या दुर्मीळ होतात. त्या मिळाल्याच नाहीत तर याच मार्गावरचे ईदाबाशि पाहावे.

ईदाबाशिचा आणखी एक गुण मराठी भाषिकास उपयोगी पडेल. तोझाइ हा पूर्वपश्चिम भुयारी मार्ग तेथून जातो, आणि त्याच मार्गावर एदोगावा प्रभागात निशि-कासाइ आहे. या शतकाच्या आरंभापासून संगणकक्षेत्रातील भारतीय कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने वसली आहेत. २०१९ मध्ये मूळचे महाराष्ट्राचे योगेंद्र पुराणिक याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले. घरच्या चवीचे अन्न व ओळखीची भाषा यांसाठी नवागत तेथेच उतरू पाहतो. तसे करण्यास हरकत नाही. मात्र या मार्गावरील सकाळची गर्दी प्रसिद्ध आहे. २०१९ पर्यंत काही टप्प्यांत ती गाडीच्या प्रमाणित क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट असे. रोज सकाळी त्या गर्दीतून नगरात येण्यापेक्षा रविवारी उलट दिशेने जेवावयास जाणे सुखाचे.

सारांश, टोकियोत 'चांगला भाग कोणता' हा प्रश्न अपुरा आहे; 'कोणत्या स्थानकावर उतरावयाचे, कोणत्या द्वाराने बाहेर पडावयाचे, आणि तेथील मुक्कामाला कोणता शब्द लावलेला आहे' हे विचारावयास हवे. कोमागोमे या नावातील 'कोमा' म्हणजे शिंगरू. 'एकि'तील घोडे, 'हातागो'तील चाऱ्याची टोपली आणि हे शिंगरू पाहिले की टप्प्याची घोडी गेली तरी टप्पे गेले नाहीत, हे दिसून येते. टोकियोस गेलेल्या विद्यार्थ्याला उद्या कोणी मराठी माणसाने "आपण कोठे उतरलात?" असे विचारले, तर त्याला त्या प्रश्नाच्या दोन्ही अर्थांना एकच उत्तर देता यावे. तसे देता आले तर निवड बरोबर झाली असे समजावे.